समाचाराच्या आधी

आमच्याकडे माणूस गेलं की समाचाराला जायची रीत अजून पक्की आहे. पावसाची झड लागलेली असो, घरात पाहुणे असोत, वाटेतला व्हाळ भरून वाहत असो, बाराव्याच्या आत जाऊन यायचंच. ओटीवर बसायचं. थोडा वेळ कुणी काही बोलत नाही, मग कुणीतरी सुरुवात करतं. कधीपासून बरं नव्हतं? जेवण जात होतं का? डॉक्टर काय म्हणाले? गोळ्या वेळेवर घ्यायची ना? घरची माणसं सगळं सांगतात आणि आलेली माणसं मन लावून ऐकतात. गेल्या काही वर्षांत अशा ओट्यांवर बसायचे प्रसंग माझ्यावर फार आले, आणि दर वेळी मनात तेच येत राहिलं. प्रश्न अगदी बरोबर आहेत. वर्षभर आधी, हेच प्रश्न गेलेल्या बाईलाच कुणी खोदून खोदून विचारले असते तर?

मी वेंगुर्ल्याची. १९७२ साली जुन्या अकरावीची परीक्षा दिली, म्हणजे आता सत्तरी आलीच. सगळी नोकरी पतपेढीत झाली. यजमान गेले त्यालाही बरीच वर्षं लोटली, मुलगा पनवेलला असतो, चतुर्थीला आणि मे महिन्यात घर भरतं, एरवी मी आणि घर. शाळेतला आमचा मैत्रिणींचा घोळका मोठा होता. बहुतेकजणींची लग्नं याच तालुक्यात झाली, त्यामुळे मैत्री टिकली. बाजारात भेटायचो, जत्रेत भेटायचो, एकमेकींच्या मुलांच्या लग्नांत वाढायला उभ्या राहायचो. इथे कुणाचं नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलाबाळांना मी विचारलेलं नाही. नाहीतरी आम्ही एकमेकींना सासरच्या गावावरूनच हाक मारायचो. परुळ्याची, आरवलीची, तुळसची, रेडीची, उभादांड्याची, मठची. तशीच इथेही मारते.

परुळ्याची आमच्यात सगळ्यात हुशार. गणित तिचं. पुढे शिकली असती तर कुठल्या कुठे गेली असती, पण लग्न झालं आणि तिचं सगळं गणित सासरच्या आंब्याच्या बागेत कामाला आलं. कलमं किती, मोहोर कसा, फवारणीचा खर्च किती, पेट्या किती गेल्या, वाशीच्या दलालाने काय दर लावला, हे सगळं ती वहीत लिहून ठेवायची. दीर-जावांनी कधी तिच्या हिशेबावर बोट ठेवलं नाही. अशा बाईला एका चैत्रात आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. सुपारीएवढी. तिने कुणाला सांगितलं नाही. झाडाला फळ होतं, माणसं कामाला होती, हंगाम आटपला की बघू म्हणाली, तेही स्वतःशीच. हंगाम आटपला तोवर पाऊस आला. मग चतुर्थी आली, मुंबईची माणसं आली. दिवाळीत तिने जावेला दाखवलं तेव्हा त्या जागची कातडी आत ओढली गेली होती आणि काखेत दुसरी गाठ आली होती.

परळला टाटामध्ये नेलं. केमो झाली, ऑपरेशन झालं, परत केमो. केस गेले, परत आले, पांढरेशुभ्र आणि कुरळे आले, ते तिला शोभायचेही. मधे एक वर्ष बरं गेलं. त्या वर्षात ती माझ्याकडे दोन दिवस राहायला आली होती. रात्री दोघी आडव्या पडलो होतो, बाहेर समुद्राची गाज, आणि ती आपणहून बोलली, “दुखत नाय होता गो. दुखला असता तर गेलंय असतंय.”

हे एक वाक्य मी तेव्हापासून भेटेल त्या बाईला सांगत आले आहे. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ती दाखवायची असते. आणि पाळी गेली, आता त्या अवयवांचं काय राहिलं, असं आमच्या वयाच्या बायका मनात धरून बसतात तेही खरं नाही. वय वाढतं तसा हा धोका वाढतो. लाज आहे ती वेगळीच. पुरुष डॉक्टरपुढे कसं दाखवू, मुलाला कसं सांगू, सुनेला काय वाटेल. परुळ्याचीला या सगळ्या प्रश्नांनी चैत्रापासून दिवाळीपर्यंत अडवून ठेवलं.

तिच्या आजारात मी मिळेल ते वाचत गेले. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून वीस वर्षं एक मोठा अभ्यास चालवला होता. दीड लाखाहून जास्त बायका होत्या. त्यांतल्या निम्म्याजणींचे स्तन दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले, तेही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी. मशीन नाही, फोटो नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शिकवलेली बोटं आणि दोन वर्षांतून एकदा पाच-दहा मिनिटं. परुळ्यापासून आरोग्य केंद्र असं कितीसं लांब असतं? तिथल्या सिस्टरला ती नावाने ओळखत होती, तिच्या घरी आंबे पाठवायची.

ती गेली वैशाखात. बागेत आंबा उतरत होता, वही जावेच्या हातात होती.

आरवलीचीचं वेगळं. तिला चाळिशीतच शुगर निघाली होती आणि ती ते लपवत नव्हती, उलट सगळ्यांना सांगायची. गोळ्याही घ्यायची. पण पायाकडे तिचं कधी लक्ष गेलं नाही. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो अशी आमची श्रद्धा आहे, म्हणून त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तिनेही नवसाच्या वाहिल्या होत्या, केळ्यांचा घड वाहिला होता. देवाच्या पायांची एवढी काळजी असलेल्या गावात ती स्वतः अंगणात, परसात, माडांच्या आळ्यांत जन्मभर अनवाणी फिरली. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होत जातात. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. शिंपल्याचा तुकडा पायाच्या बोटाखाली जाऊन बसला होता, आणि तो तिला पायाला वास यायला लागल्यावर कळला. हळद भरली, पाला बांधला. मग आधी एक बोट काढलं, मग आणखी दोन.

पाय सावरला तर मूत्रपिंडं बसली. त्यात शुगरचा हात होताच, पण गुडघ्यांसाठी ती मेडिकलमधून आपणच आणून खात असलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाही असणार असं डॉक्टरांनी सांगितलं. या गोळ्या आमच्या वयाच्या प्रत्येक घरात डब्यात असतात. कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवरच्या, कुणी तरी ‘मला गुण आला’ म्हणून दिलेल्या. रोज रोज खाल्ल्या तर त्या मूत्रपिंडं खराब करतात, रक्तदाबही वाढवतात, आणि शुगर असेल तर जास्तच. गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, माझेही दुखतात. पण त्यासाठी काय घ्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, आणि शुगर असलेल्या बाईने वर्षातून एकदा तरी लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. फार मोठा खर्च नाही. सरकारी दवाखान्यात तर होऊन जातं.

तिचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं, एका वेळी चार चार तास. सगळं घर त्या तीन दिवसांभोवती फिरायचं. पाणी मोजून प्यायचं. आणि शहाळं बंद, कारण त्यातलं पोटॅशियम मूत्रपिंड गेलेल्या माणसाच्या हृदयाला झेपत नाही. घराभोवती सासऱ्यांनी लावलेले माड, उन्हाळ्यात तहानेने जीव कासावीस झालेला, आणि नातू शहाळं फोडून पितोय ते ती ओटीवरून बघायची. तिला त्याचं वाईट वाटतं असं ती कधी म्हणाली नाही. मला मात्र तेव्हापासून शहाळं हातात घेतलं की पहिला घोट जात नाही.

तुळसचीचं लिहायला माझ्याकडे फार नाही, कारण तिचं सगळं आठवड्यात संपलं. लावणीचे दिवस होते. साठी उलटली तरी ती चिखलात उतरायचीच, घरची माणसं नको म्हणत असतानाही. पायाला चिखल्या झालेल्या होत्या. ताप आला, अंग मोडून आलं, पोटऱ्या फार दुखत होत्या, आणि भिजल्यामुळे झालं असं धरून काढा घेतला. डोळे लाल झाले, मग पिवळे झाले, लघवी कमी झाली, तेव्हा बांबोळीला गोवा मेडिकलला नेली. लेप्टो होता. उंदराच्या लघवीतून शेताच्या पाण्यात येणारा हा रोग आमच्या जिल्ह्याला चांगलाच ओळखीचा आहे. लावणीच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसं लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्याला घ्यायच्या डॉक्सीच्या गोळ्या घरोघर वाटतात. तिच्या घरातही त्या होत्या. फळीवर, देवाच्या फोटोमागे, पाकिटासकट.

एक गेली की तिच्याबरोबर काय काय जातं ते आपल्याला आधी कळत नाही. परुळ्याची गेल्यावर पुढच्या श्रावणात मला धोंडस, म्हणजे तवशाचा, मोठ्या काकडीचा, रव्यातला गोड केक, करायचं मनात आलं. माझी आई मी वीस वर्षांची असताना गेली. तिचं धोंडस परुळ्याचीने लहानपणी आमच्या घरी बसून पाहिलं होतं, आणि माझ्यापेक्षा तिच्या ध्यानात जास्त राहिलं होतं. रवा किती भाजायचा, तवसं किसून पिळायचं की नाही, वर निखारे किती वेळ ठेवायचे, हे मी दर वर्षी तिलाच फोन करून विचारायची. लिहून घ्यावं असं कधी वाटलं नाही, ती होती ना. त्या दिवशी फोन हातात घेतला आणि तसाच ठेवला. धोंडस केलं, खालून लागलं. आईला ओळखणारं, तिच्या स्वयंपाकघरात बसलेलं माझ्या वयाचं आता कुणी नाही. माझ्या मुलाने आजीला फोटोत पाहिलंय. मी आईबद्दल काही सांगितलं तर ‘हो, अशीच होती ती’ असं म्हणणारं माणूस मला पुन्हा मिळायचं नाही.

म्हणून उरलेल्या मैत्रिणींच्या जिवाची मला काळजी वाटते, आणि ती मी उघड करते. या वयात प्रकृती ही ज्याची त्याने गुपचूप सांभाळायची गोष्ट आहे, हे मला मुळीच पटत नाही. आमच्या पिढीच्या बायकांना स्वतःच्या शरीराबद्दल बोलायला कुणी शिकवलं नाही. गजाली आम्ही जगाच्या करतो. कुणाची सून कशी, कुणाचा जमिनीचा दावा कुठे अडला, सगळं माहीत असतं. पण ‘कशी आहेस?’ म्हटलं की ‘बरी आहे’, की विषय संपला. मुलांना सांगायचं नाही, ती लांब, उगाच घोर लागेल. नवऱ्याला काय सांगायचं. राहता राहिली मैत्रीण. तिलाही सांगायचं नसेल तर मग ते दुखणं सांगायचं कुणाला?

वेळेवर लक्ष गेलं तर माणूस वाचतं, हेही मला एकदा बघायला मिळालं, आणि त्यामुळे धीर आला. उभादांड्याची आमच्यात एकटीच मासेवाल्या घरातली. सातवीनंतर शाळा सुटली, मैत्री सुटली नाही. तिला बीपी होतं, गोळी लिहून दिली होती, आणि बरं वाटतंय म्हणून तिने ती सोडली होती. बीपी वाढलेलं असताना बहुधा काही जाणवत नाही, हीच त्याची वाईट खोड. एका सकाळी चहा ओतताना तिच्या उजव्या हातातून भांडं सुटलं. काय झालं म्हणून विचारलं तर बोलणं अडखळलं. नववीतली नात शेजारीच उभी होती. तिने आजीचं तोंड एका बाजूला ओघळलेलं पाहिलं, दोन्ही हात वर करायला सांगितलं, उजवा वर जाईना. पोरीने आधी घड्याळ बघितलं आणि मग काकाला गाडी काढायला लावली. घरात कुणी तेल चोळूया म्हणत होतं, कुणी देवाला गाऱ्हाणं घालूया म्हणत होतं. गाऱ्हाणं घालावं, मीही घालते. पण गाडी आधी.

मेंदूतल्या गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं. आमच्या इथून बांबोळी म्हणजे दीड-दोन तास सहज जातात. ‘थोडा वेळ बघूया’ म्हणायला आमच्या किनाऱ्यावर वेळच नाही. झटका नेमका कधी आला, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, आणि ते त्या पोरीला मिनिटासकट सांगता आलं. आज उभादांड्याची चालते, बोलते, भांडते. उजव्या हाताची पकड कमी झालीय, मासे कापायला सुनेला बसवते.

मग मीठ. हे लिहिताना मला जड जातं, कारण आमच्या जेवणाचा प्राणच तो आहे. पावसात बोटी वर ओढलेल्या असतात, ताजी मासळी नाही, तेव्हा पेज आणि भाजलेला खारा बांगडा, सुकटीची चटणी, मिठातला आंबा, सांडगी मिरची, पापड. आमच्या शेजारच्या शिरोड्याला मिठागरं आहेत, आणि १९३० मध्ये त्या मिठासाठी तिथे सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. मीठ आम्हाला कुणी परकं नाही. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते ते मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. पेजेबरोबर खारा बांगडा आणि मिठातल्या आंब्याची फोड खाल्ली की तेवढं एका जेवणात होऊन जात असेल. उभादांड्याचीच्या घरी आता सुकी मासळी आधी भिजत घालून, ते पाणी फेकून, मग करतात. पापड सणाला. पेजेबरोबर कुळथाची पिठी असते, ती पोटाला आधारही देते. सोलकढीत मीठ घालायचं तिने बंद केलंय. सुरुवातीला पुळचट लागते, मग जिभेला सवय होते.

गोळी मात्र रोजची. बीपीची गोळी बरं वाटण्यासाठी नसतेच. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाबावरचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आमचा सिंधुदुर्ग होता. आरोग्य केंद्रात बीपी बघतात, कार्ड करून देतात, महिन्याच्या गोळ्या एकदम देतात, आणि कुणी आलं नाही तर विचारायला येतात. फुकट. एवढं दाराशी आल्यावर न घेणं म्हणजे ती गोळी देवाच्या फोटोमागेच ठेवणं झालं.

आम्ही उरलेल्या आता महिन्यातून एकदा माझ्याकडे जमतो. आधी बीपी. पाठ टेकून, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसून, आणि त्याआधी अर्धा तास चहा नाही. आकडे वहीत लिहितो. किती असावं हे प्रत्येकीला तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दुसरीशी तुलना करायची नाही. मग प्रश्न. ‘बरी आहे’ हे उत्तर चालत नाही, एवढाच नियम. झोप लागते का? पोट साफ होतं का? खोकताना लघवी सुटते का? हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा सगळ्याजणी खाली बघत होत्या, आणि मग कळलं की सगळ्यांचंच तसं आहे. पायांचे तळवे आम्ही एकमेकींचे बघतो. स्तन तपासायला दोघी दोघी मिळून सिस्टरकडे जातो, म्हणजे लाज निम्मी होते.

एकदा मठची बराच वेळ गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, कपड्याला डाग लागतोय. पाळी बंद होऊन तिला वीसेक वर्षं झालेली. उष्णतेने असेल म्हणाली. पाळी गेल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं तरी ते उष्णतेवर ढकलायचं नसतं, गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. दुसऱ्या दिवशी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला. साधा मस्सा निघाला, काढून टाकला. ती म्हणते तिने तोवर महिनाभर ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या महिन्यात रोज रात्री स्वतःच्या बाराव्याचा खर्च मोजत होती. एकटीने.

जूनच्या आधी आम्ही एकमेकींच्या घरच्या चिऱ्याच्या पायऱ्या बघतो. शेवाळ धरतं तिथे ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतो, विहिरीकडच्या वाटेला दोर बांधतो. खुबा मोडलेली सत्तरीची बाई पुन्हा पहिल्यासारखी क्वचितच चालते. आणि ज्या एकट्या राहतात त्यांनी सकाळी सातला मिस कॉल द्यायचा. आला नाही तर आपण करायचा, उचलला नाही तर शेजाऱ्याला. हे पोरांना सांगितलं तर त्यांनाही बरं वाटलं. माझा मुलगा तर म्हणाला, आई, यात माझाही नंबर घाल.

राहिली रेडीची. ती मशेरी लावते. सातवी-आठवीपासून, आईबरोबर चुलीपुढे बसून. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आता दिवसातून कितीदा ते तिलाही माहीत नाही. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड हिरड्यांना लावल्याशिवाय तिला शौचाला होत नाही, डोकं धरतं. सोड म्हणून मी किती वर्षं सांगतेय. मागच्या खेपेला मी तिला दारातल्या उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी मारली. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, एक पांढरा चट्टा. बोटाने पुसून बघितला, जात नाही. दुखतं का म्हटलं. “नाय गो,” ती म्हणाली, “काय्येक दुखणां नाय.”

मी तिला परुळ्याचीचं ते वाक्य सांगितलं. ती त्या रात्रीबद्दल ऐकून रडली, कारण परुळ्याची तिचीही बाकावरची. नंतर दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच केला. दातांच्या डॉक्टरांनी बघून तुकडा काढून तपासायला हवा असं सांगितलंय. असे सगळेच चट्टे कर्करोगाचे नसतात. मशेरी सुटली तर काही आपोआप कमीही होतात. पण काही वाईट वळण घेतात, आणि कुठला कुठला ते नुसतं बघून सांगता येत नाही. तिने विचारलं, “तू येतलंस मा?”

गुरुवारी जायचंय. उभादांड्याचीही येते म्हणाली, जागा नसली तर मागे बसेन म्हणते. रेडीचीने मशेरीचा डबा माझ्याकडे आणून दिलाय. डॉक्टरांनी तंबाखू सोडवायला मदत करणाऱ्या गोळ्या असतात असं सांगितलंय, त्याचंही तेव्हाच विचारणार आहोत. रिपोर्ट यायला आठवडा लागेल. तोवर ती माझ्याकडेच राहणार आहे.